वाऱ्याला दमवणारे सर

"वहिनी, माझ्या खोलीत केर काढायचा नाही."

हे वाक्य भाडेकरूनं घरमालकिणीला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगावं, तेही सुरतेत आणि तेही चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर दुसऱ्याच वर्षी! अहो, आमच्या लिंबायत वस्तीत तेव्हा बायका उठल्या की आधी हातात झाडू घ्यायच्या, देवाचं नाव मागाहून. कुणाच्या उंबऱ्यावर कागदाचा कपटा दिसला तरी चार तोंडं वाजायची. आणि हा शिकलासवरलेला माणूस, मराठी शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर, मला म्हणतो केर काढू नका. मी पदर खोचला आणि विचारलं, "धूळ खायचीय का सर तुम्हाला?"

"खायची नाही जी, बघायची आहे," ते म्हणाले. यवतमाळकडचे होते, त्यामुळे बोलण्यात जी. "जरा वाका ना इकडे."

मी वाकले नाही. कशाला वाकू? पण ते स्वतः लादीवर पार आडवे झाले, गाल जमिनीला टेकवला आणि खिडकीखालच्या धुळीकडे बोट दाखवलं. खुर्चीच्या चारी पायांमागे धुळीचं एकेक शेपूट पडलं होतं, सगळी शेपटं एकाच दिशेला. खुर्चीच्या पुढच्या अंगाला मात्र लादी स्वच्छ. "वारा समोरून खणतो आणि पाठीमागं ठेवतो," सर म्हणाले, "आणि हे खुर्चीला करतो तेच डोंगराला करतो." मी म्हटलं, शेपूट असो नाहीतर शिंग, मला खोली स्वच्छ पाहिजे. शेवटी तोडगा निघाला. खोलीच्या मधोमध त्यांनी खडूनं रेघ मारली. दाराकडची अर्धी खोली माझ्या झाडूची, खिडकीकडची वाऱ्याची. त्या रेघेवरून आमची किती भांडणं झाली म्हणून सांगू! मी झाडू बोटभर पलीकडे नेला तरी त्यांना संध्याकाळी कळायचं.

दिसायला साधेच. लांबुडका चेहरा, डोळे कायम किलकिले, कारण हा माणूस वाऱ्याला कधी पाठ करायचा नाही. रस्त्यात सगळे तोंडावर रुमाल धरून चालले की हे उघड्या तोंडानं वाऱ्याकडे बघत उभे. लग्न केलेलं नव्हतं. आमचे हे म्हणायचे, केलं असतं तर बाई आठव्या दिवशी माहेरी गेली असती.

वैशाखात एकदा आकाश तांबूस-पिवळं झालं. सुरतेला असं होतं कधीकधी, सूर्य ताटलीसारखा दिसतो आणि सगळ्यावर पिठासारखी धूळ बसते. मी गच्चीवरून पापड ओढून आणत होते आणि सर हात पसरून उभे. "वहिनी, राजस्थान आलंय!"

"आलंय तर पाणी विचारा त्याला," मी म्हटलं. "माझ्या पापडांवर कशाला बसलंय?"

त्यांनी एक पापड उचलला, त्यावरची धूळ बोटाच्या टोकाला घेतली आणि जिभेला लावली. खरंच सांगते, मला किळस आली. पण त्यांच्या चेहऱ्यावर गाभाऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाचा भाव होता. म्हणाले, "इतकी बारीक आहे की दातालासुद्धा लागत नाही. म्हणूनच एवढ्या लांब येऊ शकली. जाड असती तर गावातल्या गावात राहिली असती." ते गेल्यावर मीही हळूच एका पापडाला जीभ लावली. खरंच लागत नव्हती.

परातीची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. एकादशीचा दिवस, सकाळी साबुदाणा भिजवायला डबा उघडते तर डबा रिकामा. परातही जागेवर नाही. सरांच्या खोलीत गेले तर टेबलफॅन लावलेला, समोर माझी परात, आणि हे गुडघ्यावर. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "एक मिनिट जी. मग मारा मला."

परातीत त्यांनी साबुदाणा, रवा आणि कणीक, तिन्ही एकत्र पसरलं होतं. पंखा हळू केला तसं नुसतं पीठ उठलं आणि धुरासारखं भिंतीकडे गेलं. जरा वाढवला तसा रवा उड्या मारायला लागला. उडायचा नाही हं, उड्या मारायचा! वर उठायचा, पुढे पडायचा, पडताना दुसऱ्या दाण्याला धक्का द्यायचा, मग तो उठायचा. आणि त्या उड्या मारणाऱ्या रव्याचे धक्के खात साबुदाणा नुसता गडगडत, रडतखडत पुढे सरकत होता. थोड्या वेळानं सगळं आपोआप वेगळं झालं. साबुदाणा अलीकडे, रवा पलीकडे बारीक लाटांनी रांगेत मांडलेला, आणि पीठ भिंतीवर. कुणी चाळलं नव्हतं, कुणी निवडलं नव्हतं. मी उपाशीपोटी तिथं कितीतरी वेळ बसून राहिले. "वाळवंटात हेच चालतं," सर हळू आवाजात म्हणाले, "लाखो वर्षं." माझ्या अंगावर काटा आला. मग भानावर आले आणि त्यांना दुकानात पिटाळलं साबुदाणा आणायला. पिटाळणार नाही तर काय?

आमच्या गल्लीतल्या लूमच्या कारखान्यातही ते असेच जाऊन बसायचे. मागांच्या पायाशी धाग्याची बारीक लव साचते ना, तिच्याकडे बघत. नवे कामगार घाबरायचे, कुणी तपासणीला आलंय म्हणून. जुने सांगायचे, घाबरू नको, वाऱ्याचे सर आहेत.

आता आमच्या घराचं सांगते, कारण सर कोण होते ते मला तिथं कळलं.

माझ्या सासूबाई धुळे जिल्ह्यातल्या. लग्नानंतर जन्म शेतात गेला, आणि सासऱ्यांबरोबर सुरतेला आल्यावर मागाच्या कांड्या भरण्यात. घरात बसून दिवसभर धागा गुंडाळायचा, त्याची लव नाकातोंडात जायची. उतारवयात दम्यानं धरलं. दोन जिने चढल्या की ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, आजीबाईंना या हवेतून हलवा, नाहीतर पुढचा हिवाळा अवघड आहे. आमचे हे सुरतेबाहेर इच्छापोरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे होते. तिथल्या ओळखीनं पुढे समुद्राच्या अंगाला एका गावात लहानशी जागा मिळाली. आम्ही दोन खोल्या बांधल्या, पुढे ओटा. ओट्यासमोर रेतीची एक टेकडी होती, पुरुषभर उंच, आणि तिच्यावर सगळीकडे हिरवी वेल पसरलेली, जांभळ्या फुलांची. टेकडीपलीकडे समुद्र.

सासूबाई तिथं राहायला गेल्या, आम्ही जाऊन-येऊन असायचो, आणि महिनाभरात जिने काय, अख्खं गाव चालून यायला लागल्या. मी तर देवाला नारळ फोडला. पण ओट्यावर बसून त्यांना एकच डाचायचं. "माले समुद्र देखना शे," त्या म्हणायच्या. "आठेच बशीसन." इथं बसूनच समुद्र बघायचाय मला. त्या बाईनं जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे शेतकऱ्याचा हात. वेल दिसली की शिवशिवायचा. "इतलं तन माजेल शे!" एवढं तण माजलंय आणि तुम्ही बघत काय बसलात, म्हणून आम्हालाच झापायच्या.

त्यात आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशी बायकांना दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझ्या दोन्ही नणंदा पहिल्यांदाच या घरी येणार. मग काय, सगळ्यांनी मिळून खुरपी घेतली आणि खळ्यासाठी जमीन करावी तशी ती टेकडी साफ केली. वेल मुळासकट उपटली, मधला उंचवटा फावड्यानं ओढून सपाट केला. शेजारची कोळीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "रहेवा दो ने, बेन." राहू द्या ना. पण आम्हाला वाटलं, हिला काय कळतंय शेतातलं! संध्याकाळी सासूबाई ओट्यावर बसल्या आणि समोर समुद्र, सूर्य बुडताना. त्या रडल्या हो. आनंदानं रडल्या.

आखाजीच्या दिवशी दुपारी वारा सुटला. नणंदांनी मांडे केले होते खापरावरचे, आमरस होता. पहिलाच घास आणि दातांखाली करकर. दुसरा घास, पुन्हा करकर. रसात रेती, पाण्यात रेती, पाळण्यातल्या लेकराच्या पापण्यांवर रेती. दार लावलं तर दाराखालून फणकाऱ्यानं आत यायची. संध्याकाळपर्यंत ओट्याची खालची पायरी दिसेनाशी झाली होती. आणि रात्रभर सासूबाईंना खोकला.

मी लिंबायतला येऊन सरांना सांगितलं तर ते वाट बघायलाच तयार नाहीत. रविवारी बस धरून आमच्याबरोबर आले. आणि ऐका, आले ते आधी खूशच झाले! आमचं घर बुडतंय आणि हे रेतीतून मुलासारखे पळतायत. "वहिनी, बघा काय केलंय त्यानं! काय केलंय!" वाऱ्याचं कौतुक असं, की जणू पोरगा पहिला आलाय. मला इतका संताप आला. त्यांनी दार दाखवलं. नवा निळा रंग गुडघ्यापर्यंत घासून गेला होता, आतलं लाकूड दिसत होतं, आणि वर रंग जसाच्या तसा. "दाणे उड्या मारतात ना, तेवढ्याच उंचीवर," ते म्हणाले. मग टेकडी सपाट केली होती तिथं गेले. तिथं आता नुसतं सपाट नव्हतं, वाऱ्यानं आणखी खणून खिंड पाडली होती. ते तिथं उभे राहिले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही वेल कुणी काढली?"

सासूबाईच म्हणाल्या, आम्ही काढली, तण होतं.

"आई, ते तण नव्हतं जी. त्या वेलीनं रेती धरून ठेवली होती, आणि रेतीनं समुद्राला. ही टेकडी वाऱ्यानं दाणा दाणा आणून बांधली, माझ्या-तुमच्या आज्यापणज्याच्या आधीपासून. आता तो तीच टेकडी उचलून तुमच्या घरावर ठेवतोय. दोन-तीन उन्हाळे. मग टेकडी इथं नसेल, घराच्या जागी असेल."

आमचे हे पडले ठेकेदाराकडचे माणूस. म्हणाले, भिंत घालू. सर नको म्हणत होते तरी विटांची पक्की भिंत घातली. ज्येष्ठातला वारा आला. भिंतीवर आपटला, आरपार जाता येईना म्हणून खाली घुसला आणि भिंतीच्या पायातलीच रेती काढायला लागला. आम्ही ओट्यावरून बघत होतो. दुपारी चहा घेत असताना ती भिंत सावकाश, कुणी ढकलल्यासारखी आडवी झाली. कुणाला लागलं नाही एवढंच. सासूबाईंनी गाठोडं बांधायला घेतलं. चला म्हणाल्या लिंबायतला, मरण काय कुठंही येतं. त्या लिंबायतला परतल्या तर काय होईल हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

सर त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "आई, वाऱ्याला अडवायचं नसतं, दमवायचं असतं. त्यानं नेलंय ते त्याच्याकडूनच परत भरून घेऊ. पण टेकडी पुन्हा वर येईल. समुद्र दिसणार नाही."

सासूबाई कडाडल्याच. तुम्ही भाडेकरू, भाडेकरूसारखे राहा, माझ्या ओट्यापुढं काय दिसावं ते तुम्ही सांगणार काय? सर ऐकून घेत होते. मग हात जोडून एवढंच म्हणाले, "एक दुपार माझ्याजवळ बसा. पटलं नाही तर मीच गाठोडं उचलतो."

त्यांनी बांबूच्या कामट्यांचं कुंपण उभं केलं, त्या खिंडीत आडवं. कामट्यांमध्ये फटी, जेवढी कामटी तेवढी फट. आमचे हे म्हणाले, यातून तर सगळा वारा आरपार जाईल. "जाऊ द्या," सर म्हणाले. "पण जाताना दमेल."

दुपारी वारा उठला. सर आणि सासूबाई कुंपणाच्या आडोशाला, डोक्यावर गोणपाट घेऊन बसले. मी मागं. आणि काय सांगू तुम्हाला! पलीकडून रेती सूं सूं करत यायची, फटींतून शिरायची, आणि अलीकडे आली की तिच्यातला जीवच जायचा. खाली पडायची. हातभर अंतरावर, आमच्या डोळ्यांदेखत. आधी नुसती रेघ, मग रेघेचा वरंबा, मग वरंब्यामागे ते शेपूट, उताराला हात लावावासा वाटेल इतकं गुळगुळीत. कुणाचा हात लागत नव्हता आणि जमीन तयार होत होती. मी देवळात गेले आहे, जत्रा पाहिल्यात, पण असा थरार मला कुठंच आला नाही. ज्या वाऱ्यानं विटांची भिंत पाडली तोच आमच्यासमोर ओंजळीओंजळीनं घर वाचवत होता. सासूबाईंनी डोक्यावरचं गोणपाट काढलं. खूप वेळ बघत राहिल्या. मग उठून घरात गेल्या आणि गाठोडं सोडलं.

पावसाळ्यात सरांनी त्याच कोळणीकडून वेलीच्या फांद्या मागून आणल्या. ती पोटभर हसली आणि भरपूर दिल्या. कुंपण रेतीत बुडालं की त्याच्यावर दुसरं, मग तिसरं. दर रविवारी सर हजर. पहिल्या उन्हाळ्यात टेकडी कमरेला आली, दुसऱ्या उन्हाळ्यात वेलीनं तिला डोक्यावर उचललं. दारात रेती यायची थांबली. आणि सरांनी कायदा केला, टेकडीवर कुणी पाय ठेवायचा नाही. एक पायवाट पडली की तेवढंच दार वाऱ्याला मिळतं. आमचे हे एकदा पडलेला टॉवेल काढायला चढले तर सर असे ओरडले की, पंधरा दिवस हे त्यांच्याशी बोलले नाहीत. समुद्रावर जायचं तर गावाच्या टोकाकडून मोठा वळसा. आता वय झालं होतं, रेतीतून तेवढं चालणं सासूबाईंना झेपायचं नाही. त्या ओट्यावर बसायच्या, समोर हिरवी टेकडी, तिच्यामागून लाटांचा आवाज. मला फार वाईट वाटायचं. मी दोनदा सरांना म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला एकदा चढू दिलं तर काय बिघडतं? ते म्हणायचे, "वाऱ्याला म्हातारं-तरुण कळत नाही जी."

मग सर निवृत्त झाले, यवतमाळला परत निघाले. जाण्याच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला समुद्राकडच्या घरी आले. चहा झाला. सर एकदम उठले, सासूबाईंसमोर पाठ करून उकिडवे बसले आणि म्हणाले, "आई, बसा पाठीवर. आज तुम्हाला समुद्र दाखवतो."

"अहो सर, टेकडीवरून?" मी म्हटलं.

"टेकडीवरून. एकदा चढल्यानं काही होत नाही."

सासूबाईंचे डोळे बारीक झाले. "मंग दोन वरीस माले काबर चढू दिधं नही?" मग दोन वर्षं मला का चढू दिलं नाहीत?

सरांचे कान लाल झाले. त्यांनी मान खाली घातली आणि मी बघितलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाई काठी टेकत उठल्या. पाठीवर बसल्या नाहीत. चालत टेकडीच्या पायथ्याशी गेल्या, एक पाय वेलीजवळ नेला आणि थांबल्या. पाय तसाच मागं घेतला.

"नको भाऊ," त्या म्हणाल्या. "वेल मोडी जाई." वेल मोडून जाईल.

आणि तिथंच खाली बसल्या, टेकडीला टेकून. त्या बाजूला वारा अजिबात लागत नाही. पण वर, अगदी शेंड्यावर, वारा वाहतच असतो, आणि वेलीतून सुटलेले थोडे दाणे शेंडा ओलांडून अलीकडे घरंगळत येतात. तसे दोन-चार त्यांच्या मांडीवर आले. त्यांनी ते तळहातावर घेतले, सरांपुढे धरले आणि हसल्या.

"समुद्रच येस ना मन्हाकडे," त्या म्हणाल्या. "मी कसाले जाऊ?" तोच येतोय माझ्याकडे, मी कशाला जाऊ?

सर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. शेवटच्या बसची वेळ होत आली होती, आमचे हे कुंपणापासून हाका मारत होते, आणि ती दोघं त्या तळहाताकडे बघत बसली होती.